इकडे कधीच न आलेला पाळक

आमच्या आजीला एक सवय होती. वाटेत समाधी दिसो, पिराचं थडगं दिसो, बांधावर शेंदूर फासलेला बिननावाचा दगड दिसो, तिचे हात आपोआप जुळायचे. एसटीत बसलेली असली तरी. एका हातात पिशवी असली तर दुसरा नुसताच कपाळाला लागायचा. आत कोण आहे, माणूस कसा होता, कुठल्या देवाचा होता, याची चौकशी नाही. आम्ही पोरं मुद्दाम छेडायचो, "आज्जे, तुला ठाव तरी हाय का कोण झोपलंय तिथं?" ती खिडकीबाहेरची नजर न काढता म्हणायची, "आपल्या वाटंवर हाय ना? मग झालं."

केंदूर स्वतः तसं वाटेवरचं गाव नव्हे. पुणे-नगर रस्ता शिक्रापूरला सोडून आत वळावं लागतं. पावसाच्या बाबतीतही तेच, ढग येतात आणि आम्हाला आडवळणाला टाकून पुढं निघून जातात. पाण्याची टंचाई या टापूला जन्माची. वंदनीय मृतांची मात्र कधी टंचाई पडली नाही. गावात संत कान्होराज महाराज पाठकांची समाधी आहे, ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले म्हणून गाव त्यांना मानतं. शेजारी पाबळला मस्तानी आहे. बाजीरावाने तिला पाबळ, लोणी आणि केंदूर ही गावं इनाम दिली होती, म्हणजे एके काळी आमचा शेतसारा तिच्या नावे जात असणार. १७४० मध्ये बाजीरावामागोमाग ती गेली. पुण्याच्या वाड्यात जिला सुखाने राहू दिलं नाही, तिच्या कबरीवर पाबळात फूल पडतं. आजी तिथंही हात जोडायची. "बाई माणूस, एवढ्या लांबून आली," एवढंच म्हणायची.

आणि शिरूरला वॉलेस. हे तर आणखी विलक्षण. कर्नल विल्यम वॉलेस हा कंपनी सरकारच्या बाजूने लढलेला अधिकारी. १८०३ च्या असईच्या लढाईत, जिथं शिंद्यांची फौज हरली, तिथं तो समोरच्या बाजूला होता. १८०९ मध्ये शिरूरच्या छावणीत वारला, तिथंच पुरला. आणि पुढं काय झालं, तर आसपासच्या गावांनी त्याला सत्पुरुष करून टाकलं! ही गावगप्प नव्हे. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे, की ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर शिरूर परिसरातले बाकीचे हिंदू या थडग्याची पूजा करतात आणि सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य आणून ठेवतात. ज्याने आपल्या माणसांवर तोफा डागल्या, त्याला पहिल्या कणसाचा मान. इतिहासकाराला हे पटणार नाही, पण आजीला त्यात काही वावगं वाटलं नसतं. वाटेवर होता ना.

हे सगळं मी शिरूरच्या एका गुरुजींना सांगत होतो. गुरुजी ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक, मराठीचे. त्यांच्या मंडळीचे जुने पाळक प्रभूत निजले होते आणि त्यांची स्मरणसभा नुकतीच झाली होती. मीही गेलो होतो. तिथं मला एक गोष्ट जाणवली. माणसं बोलत होती त्या पाळकांबद्दलच, सायकलवरून ते कसे यायचे, कुणाच्या घरी कुणी आजारी असलं तर दाराशी आधी तेच कसे उभे असायचे, रागावले की चष्मा कसा काढायचे. पण प्रत्येक बोलण्याचा शेवट दुसरीकडेच जायचा. उपकारस्तुती व्हायची ती देवाची. माणूस दिला म्हणून देवाचे आभार. खुद्द माणसासमोर कुणी वाकत नव्हतं. फोटोला हार होता, पण त्याच्या पायाशी उदबत्ती नव्हती.

गुरुजी हसून म्हणाले, "आमच्यात समाधीला नमस्कार नसतो. तुमचा वॉलेस आमचा असूनही आमच्या काही कामाचा नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि आमच्यातला जो खरा तुमच्या कामाचा, तो तुमच्या वाटेवर कधी आलाच नाही. केरी."

विल्यम केरी. शाळेत मराठी छपाईचा इतिहास शिकताना एक ओळ येते आणि जाते, तेवढीच माझी ओळख होती. गुरुजींनी पुस्तकं दिली, मी वाचत गेलो. वाचताना कुणाशी तरी नातं निघावं तसं होत गेलं. थेट नाही, लांबचं, आत्याच्या नणंदेकडून निघतं तसलं.

केरीचा जन्म १७६१ मधला, इंग्लंडातल्या पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात. धंदा चपला-जोड्यांचा. पुढं मोठा झाल्यावर एका मेजवानीत कुणीतरी टोचायला म्हणून विचारलं, हे पूर्वी जोडे बनवायचे ना? केरी म्हणाले, बनवत नव्हतो, फाटलेले दुरुस्त करत होतो. वारकऱ्यांच्या मुलखात हे उत्तर लगेच कळतं. रोहिदासांच्या भूमिकेतून बोललेलं ते वाक्य आहे, स्वतःला आणखी एक पायरी खाली नेऊन बसवणारं. जोडे शिवता शिवता या माणसाने लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा शिकून घेतल्या. बॅप्टिस्ट पंथाचा तो पाळक झाला. तान्ह्या बाळाला नव्हे तर समजून उमजून विश्वास धरलेल्या माणसालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा, असं मानणारा हा पंथ. आधी मोल्टन, मग लेस्टर इथल्या छोट्या मंडळ्या त्याने सांभाळल्या. पगार इतका तुटपुंजा, की पाळक असतानाही जोडे आणि शाळा चालूच. १७९२ मध्ये केटरिंग गावात मूठभर पाळकांनी मिळून मिशनरी परदेशी पाठवण्यासाठी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी केरी जहाजात बसले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून जहाज डॅनिश. नोव्हेंबर १७९३ ला कलकत्ता. त्यानंतर एकेचाळीस वर्षं, मरेपर्यंत, मायदेशाचं तोंड त्यांनी पाहिलं नाही.

इथं मी थांबलो होतो, कारण इथं डोरोथी येते.

डोरोथी म्हणजे केरींची बायको. तिला यायचंच नव्हतं. लिहिता-वाचताही न येणारी, पोटुशी, नंतर मांडीवर तान्हं मूल असलेली खेड्यातली बाई. शेवटच्या क्षणी, बहीण सोबत येत असेल तर येते म्हणाली. बंगालमध्ये नीळ-कारखान्याच्या ठिकाणी, मदनाबाटीला, १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. थडगं खणायला माणूस मिळेना. जातीचा विटाळ कोण घेणार? आमच्या शिरूरला परक्या कर्नलाच्या थडग्यावर नैवेद्य ठेवणारा हाच देश, तिकडं लेकराला माती द्यायला हात मागावे लागले. डोरोथीचं मन तेव्हा उलटलं ते पुन्हा सरळ झालं नाही. नवऱ्यावर संशय, आरडाओरडा, शेवटी खोलीत बंद करून ठेवावं लागलं. १८०७ च्या डिसेंबरात ती सुटली. या मधल्या सगळ्या वर्षांत, शेजारच्या खोलीत तिचा आवाज येत असताना, केरी भाषांतर करत होते. बंगाली नवा करार १८०१ चा, संस्कृतचा व्याप तेव्हाचाच, आणि मराठीही तेव्हाचीच.

चरित्रकार हे सांगतात, पण भराभर. कीर्तनात संताच्या बायकोची फरफट जशी दोन हशांमध्ये उरकतात, तसं. मला वाटतं, स्मरणसभा घ्यायची तर डोरोथीसाठीही एक खुर्ची मांडायला हवी. एखाद्याच्या सेवेचा हिशेब मांडताना त्या सेवेची किंमत कुणाच्या गाठीतून गेली, हे लिहिलं नाही तर तो गौरव कच्चा राहतो. केरींनी स्वतःच्या मर्जीने गरिबी स्वीकारली. डोरोथीच्या मर्जीचं कुणी विचारलं?

मराठीशी गाठ पडली ती श्रीरामपूरमुळे. आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे. हुगळीकाठचं, तेव्हा डॅनिश सत्तेखाली असलेलं. १८०० च्या जानेवारीत केरी तिथं आले. सोबत मार्शमन आणि वॉर्ड हे दोन मिशनरी. छापखाना निघाला. अक्षरं ओतायला पंचानन कर्मकार आणि पुढं त्यांचे जावई मनोहर. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या कोवळ्या इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला केरींना नेमलं, बंगाली, संस्कृत आणि थोड्याच काळात मराठी. तो पगार चांगला घसघशीत होता आणि तो जवळजवळ सगळा मिशनच्या सामाईक पेटीत जायचा. मराठी शिकवायची तर पुस्तक हवं. म्हणून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मोडीचे ठसे तयार नव्हते म्हणून ते बाळबोधात. त्याच साली मत्तयाचं शुभवर्तमान. १८१० मध्ये मराठी कोश, आता मोडीत. १८११ मध्ये नवा करार.

साल लक्षात घेतलं की गंमत वाटते. वॉलेस शिरूरला मातीत गेला त्याच्या पुढच्याच वर्षी हजारेक मैलांवर हुगळीकाठी एक पाळक आमचे शब्द मोडी ठशांत बसवत होता. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता आणि शनिवारवाड्यात छापखाना नव्हता. इकडे वह्या, पोथ्या, बखरी हाताने उतरत होत्या. केंदूरच्या कुलकर्ण्याचं दप्तरही अर्थातच हातचं. आमच्या गावात कुणाला कल्पनाही नसणार, की आपण बांधावर जे बोलतो त्याचे नियम कुणीतरी तिकडं इंग्रजीत लिहून काढतो आहे.

ती मराठी कशी होती? खरं सांगायचं तर ओढाताणीची. केरींनी महाराष्ट्र पाहिला नाही. बंगालच्या बाहेर कुठं फारसे गेलेच नाहीत. त्यांच्या कानावर पडलेली मराठी नागपूरकडची, आणि ती नागपूरकडच्या ज्या माणसाच्या तोंडून पडली ते पंडित वैजनाथ शर्मा. पुढं मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये आपला स्वतंत्र नवा करार छापला आणि श्रीरामपूरचा मागं पडला. एखाद्याने आयुष्याची उमेदीची वर्षं घालावीत आणि ते काम पंधरा वर्षांत कालबाह्य व्हावं. केरींना याचं दुःख झालं असेल असं मात्र वाटत नाही. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली, हस्तलिखितं, कागद, ठसे, सगळं गेलं. संस्कृतच्या मोठ्या बहुभाषी कोशाची वर्षांची मेहनत राख झाली. त्यांनी वितळलेलं शिसं गोळा करून पुन्हा ठसे ओतायला लावले आणि टेबलाशी बसले. आपल्या पुतण्याला ते म्हणाले होते, की माझं चरित्र कुणी लिहिलंच तर माझ्या अंगात रेटत राहण्याचा गुण होता एवढं त्याने कबूल केलं तरी पुरे, बाकी सगळं जास्तीचं.

हा गुण मला ओळखीचा वाटतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा तो गुण आहे. मृग कोरडा गेला तर आर्द्रात पेरायचं, आर्द्राही गेला तर चाऱ्यापुरतं तरी काही टाकायचं. त्यात पराक्रम कुणाला दिसत नाही, म्हणून त्याचे पोवाडे होत नाहीत.

झाडांचं वेड हीही त्यांची एक बाजू. श्रीरामपूरला पाच एकरांची बाग केली, १८२० मध्ये शेती आणि बागाईतीसाठी संस्था काढली. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी केल्यावरही तिच्यातली माती फेकली नाही, सावलीत झटकून ठेवली, आणि काही दिवसांनी त्या मातीतून मायदेशातलं साधं, रानटी डेझीचं फूल उगवून आलं. ते पाहून हा माणूस पोरासारखा हरखला. पत्रात लिहिलं. एकेचाळीस वर्षांत घरी न गेलेल्या माणसाच्या हरखण्याबद्दल मी आणखी काही लिहीत नाही.

आणि सतीबंदी. १८२९ च्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल बेंटिंकचा कायदा झाला. त्याचं बंगाली भाषांतर करण्यासाठी कागद केरींकडे आले तो रविवार होता. रविवार म्हणजे पाळकाचा उपासनेचा दिवस, प्रवचन ठरलेलं. केरींनी वेदी दुसऱ्याच्या हवाली केली, पंडिताला बोलावलं आणि दिवसभर भाषांतर करत बसले. एक दिवस उशीर झाला तर एखादी बाई जळेल, हा हिशेब. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात हा रविवार सर्वांत आवडतो. नेमधर्माला घट्ट असलेल्या माणसाने नेम कधी मोडावा हे त्याला कळलं होतं. आषाढीची वारी एखाद्या वर्षी घरातल्या आजाऱ्यासाठी चुकवणारे वारकरी मी पाहिलेत. गाव त्यांना कमी भक्त समजत नाही.

पण त्यांचा हेतू? लपवण्यात अर्थ नाही. ते धर्मांतरासाठीच आले होते. व्याकरण, कोश, छापखाना, सगळं त्या मार्गावरची साधनं. पहिली सात वर्षं एकही माणूस त्यांच्याकडे आला नाही. १८०० च्या डिसेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हुगळीत बाप्तिस्मा झाला तेव्हा कुठं सुरुवात झाली. आमच्याकडच्या पुष्कळांना या मुद्द्यापाशी केरी परके वाटतात, आणि वाटू द्यावेत. मला ती अडचण निराळ्या प्रकारे जाणवते. जो आपल्याला बदलायला आला आणि बदलण्यासाठी आधी आपली भाषा शिकत बसला, त्याच्याकडून आपण काय घेतलं? त्याचा देव आपण घेतला नाही. छापील अक्षर घेतलं. कुणी कुणाला फसवलं नाही यात, पण देणाऱ्याला जे द्यायचं होतं ते बाजूला ठेवून आपण ताटातली दुसरीच वस्तू उचलली, हे खरं.

दौंड तालुक्यात मात्र एका बाईने दोन्ही उचललं. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी सतरा-अठरा वर्षं खपून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. संस्कृतचं ओझं टाकून, दुष्काळातून आलेल्या निरक्षर बायांना कळेल अशा भाषेत. हे काम एका बाईने एकटीने केलेलं. ठसे जुळवणाऱ्याही बायकाच, विधवा, टाकलेल्या, दुष्काळात आई-बाप गेलेल्या पोरी. १९२१ च्या जुलैत रमाबाईंची लेक मनोरमा गेली. शेवटची मुद्रितं तपासत असतानाच ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनीही डोळे मिटले. बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. केंदूरहून केडगाव काही लांब नाही, भीमा ओलांडायची एवढंच. रमाबाई बॅप्टिस्ट नव्हत्या, पाळकही नव्हत्या, केरींच्या मराठीशी त्यांच्या मराठीचं रक्ताचं नातं नाही. तरी श्रीरामपूरहून सुटलेलं एक काम शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या भीमेकाठी बायकांच्या हातून तडीस गेलं, असं मला उगीच वाटत राहतं. कुणी याला इतिहास म्हणू नये.

केरी ९ जून १८३४ ला श्रीरामपूरलाच गेले. बहात्तर वर्षांचे होते. शेवटच्या आजारात अलेक्झांडर डफ नावाचा तरुण स्कॉटिश मिशनरी भेटायला आला आणि त्यांच्या कामाबद्दल भरभरून बोलला. तो निघाला तसा केरींनी त्याला परत बोलावून बजावलं, की माझ्याबद्दल फार बोललात, मी गेल्यावर माझ्याबद्दल बोलू नका, माझ्या तारणाऱ्याबद्दल बोला. दगडावर नाव, जन्म-मृत्यूची तारीख आणि आपली क्षुद्रता सांगणाऱ्या एका स्तोत्रातल्या दोन ओळी, यापलीकडे काही कोरू नये असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. आमचे संतही अभंगाच्या शेवटी स्वतःला पायाखालची धूळ करून घेतात, पण आम्ही त्यांचं ऐकतो कुठं? समाधी बांधतो, कळस चढवतो, सप्ताह बसवतो. केरींच्या लोकांनी बरंचसं ऐकलं. म्हणूनच की काय, कळतं कुणालाच काही नाही.

केरींचं एक प्रसिद्ध चित्र आहे, रॉबर्ट होमने काढलेलं. टेबलाशी केरी, हातात लेखणी, आणि शेजारी उघड्या अंगाचा पंडित. ते पंडित मृत्युंजय विद्यालंकार, असं सांगतात. चित्र पाहताना मी वैजनाथांना शोधत होतो. ते तिथं नाहीत. मराठी व्याकरणातली उदाहरणं ज्यांच्या जिभेवरून उतरली, कोशातले शब्द ज्यांनी आठवून आठवून सांगितले, ज्यांच्या नावावर मोडीत छापलेली 'सिंहासन बत्तिशी' १८१४ ची, 'हितोपदेश' १८१५ चा, त्यांचं चित्र कुणी काढलं नाही. नागपूर सोडून हा माणूस बंगालात कशाला गेला असेल? परधर्मी माणसाच्या शेजारी बसून त्याच्या धर्मग्रंथाची वाक्यं आपल्या भाषेत फिरवताना संध्येच्या वेळी त्यांच्या मनात काय येत असेल? केरींना निदान आपण कशासाठी खपतो ते पक्कं ठाऊक होतं. वैजनाथ पगारासाठी खपत होते, कदाचित भाषेसाठीही. दोघांपैकी कुणाच्या रेटण्याला मोठं म्हणावं, हे मला ठरवता येत नाही.

गुरुजींना मी एकदा विचारलं, नऊ जूनला तुमच्या मंडळीत केरींसाठी काही असतं का? ते म्हणाले, "रविवार आला तर प्रार्थनेत नाव घेतो कधी कधी. एरवी त्या दिवसांत मंडळीतली निम्मी माणसं शेतात. पावसाकडे डोळे."

"आणि वैजनाथांसाठी?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "केरींचं आम्ही बघतो, उशिरा का होईना. वैजनाथांचं तुम्ही बघा."

मी हो म्हणालो. नंतर घरी येताना लक्षात आलं, की 'तुम्ही' म्हणजे कुणी? मी शेतकऱ्याच्या घरातला, ते शास्त्र शिकलेले ब्राह्मण, नागपूरकडचे, हाडं कदाचित हुगळीत पडलेली. आमच्या गावची वाट त्यांनी पाहिली नाही आणि आम्ही त्यांची. पण गुरुजींनी कामाची वाटणी करून टाकली आहे, आणि शिक्षकाने सांगितलेलं काम नाही म्हणायची आम्हाला सवय नाही.